पंखबाबाच्या गालातलं पीस

दर गुरुवारी सावली गावाजवळच्या पंखबाबाच्या मठात मुंगीला शिरायला जागा नसे. पोल्ट्रीच्या शेडवर राबून दम लागलेली माणसं रांगेत बसत. बाबा छातीला तोंड लावून चोखत, डोळे फिरवत आणि परातीत थुंकत. थुंकीत काय, तर अख्खं पांढरं पीस! लोक लोटांगण घालत.

"कोंबडीचा आत्मा छातीत घर करून राह्यला!" बाबा गरजत. "आता इथीच राहा, शेडकडे फिरकू नका. अन् डॉक्टरचा दम्याचा पंप फेका. पंपानं आत्मा अजून खोल घुसते!"

कांताच्या नवऱ्याने, नानाजीने, पंप फेकला. मठात होता तोवर बरा होता. शेडवर परतला आणि तिथेच श्वास कोंडून गेला. "श्रद्धा कमी पडली," एवढं बोलून बाबा मोकळा झाला. तेव्हापासून कांता आतल्या आत धुमसत होती. आता शेडवर सोबत येणाऱ्या तिच्या पोरीला, हर्षाला, तीच धाप लागली होती आणि सासू मनकर्णाबाई नातीचा पंप पदरात बांधून येत्या गुरुवारी तिला मठात नेणार होती.

"आई, डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना, पिसाची भुकटी अन् वाळलेली विष्ठा श्वासात जाते, त्याची अॅलर्जी हाय. मठात कोंबड्या नाईत म्हणून बरं वाटते."

"मंग पीस कुठून निघते वं?"

 कांताला ठाऊक होतं, पण नुसतं सांगून सासूला पटलं नसतं. मठाचा चेला दर बुधवारी होमासाठी म्हणून ती राबायची त्याच शेडवरून धुतलेली पिसं नेई. पीस जाळलं की गावभर घाण सुटते. मठातून तसा वास कधी कुणाला आला होता? या बुधवारी तिने जहाल भिवापुरी मिरचीच्या नुसत्या बिया भिजवल्या, म्हणजे पिसांना लाल रंग चढायला नको, आणि त्या पाण्यात पिसं बुडवून वाळवली.

गुरुवारी हर्षा पुढे बसली. बाबा पडद्याआड जाऊन आला आणि वाकला. कांताने पोरीला मागे ओढलं.

"बाबा, पह्यले मंत्र म्हणा. मोठ्यानं!"

बाबाचे ओठ घट्ट मिटलेले. डोळे लाल झाले, नाक गळू लागलं, आणि फुर्रकन पीस बाहेर! पोरीला अजून तोंडही लागलं नव्हतं.

"पाणी! पाणी द्या!"

कांताने लोटा उचलून धरला. "सांग, कुठून आलं पीस?"

"गालात ठेवलं होतं व माय! सारेच पीस तसेच! दे ना पाणी!"

कांताला दया आली नाही, तसूभरही नाही. तिने लोटा त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पालथा केला. बाबा पळू लागला, तर कालचे भक्तच दार अडवून उभे राहिले. पुढे पोलीस आले आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याला घेऊन गेले.

मनकर्णाबाईने पदराची गाठ सोडली आणि पंप नातीच्या हाती दिला. "माह्या लेकाले मीच आणलं होतं इथी," म्हणत तिने नातीला जवळ घेतलं.

कांता लोकांकडे वळली. "छातीत भुकटी जाते, अख्खं पीस नाई जात. शेडवर तोंडाले मास्क लावा, दम लागला तं दवाखान्यात जा, पंप सोडू नका, अन् जमलं तं कामच बदला. कुणी छातीतून पीस काढतो म्हणला, तं पह्यले त्याचं तोंड उघडून पाहा!"