सम्राट बिनविरोध

रविवारी हेमांगीबाईंच्या पडवीत सात मुलं जर्मनीचा सम्राट निवडायला बसली होती. खेळ केतनचा. म्हसळ्याच्या शाळेत तो बाईंचा विद्यार्थी. आता अलिबागला नोकरी करता करता त्याने हा पुठ्ठ्याचा पट तयार केला होता. उद्या मांडव्याहून लाँचने मुंबईला जाऊन तो प्रकाशकाला दाखवायचा होता. त्याआधी मुलांना तो रुचतो का, हे बघायला तो आला होता.

पाचशे वर्षांपूर्वी तिथला सम्राट मतांनी निवडत. मतं सातच : तीन धर्मगुरूंची, चार राजांची. केतनने सगळं खऱ्यासारखं उतरवलं होतं. ऑस्ट्रियाच्या घराण्याला पत्तेच इतके जड, की दुसरं कुणी निवडून येणं अवघड.

तिसऱ्या डावातही ऑस्ट्रियाच जिंकल्यावर सनी उठला. "मी चाललो क्रिकेटला. निकाल आधीच लागलेला हाय, मत कशाला द्यायचं?"

"अरे, खरंच तसं होतं," केतन म्हणाला. "तीनशे वर्षं जवळपास तेच घराणं."

"मग बाकीचे तीनशे वर्षं जांभया देत बसलेले काय?" शिवानीने विचारलं.

मुलं हसली. केतनचा चेहरा उतरला. "बाई, सगळ्यांना सारखे पत्ते देऊ? कुणीही जिंकेल, मजा येईल."

"येईल की. पण मग त्याला ऑस्ट्रिया कशाला म्हणायचं? सरळ लुडो म्हण."

बोलून गेल्या खऱ्या, पण बाईंना त्याची कीव आली. आणि शिवानीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मुलांचा प्रश्न त्यांनी कधी हसण्यावारी नेला नव्हता.

"शिवानी, तुमचा सरपंच बिनविरोध झाला ना? त्या बैठकीत माणसं जांभया देत होती?"

"न्हाय हो बाई, केवढी भांडली! सरपंच कोण होणार ते ठाऊकच होतं. पण आमची आळी म्हणाली, आधी नळ द्या, मग बिनविरोध. सनीच्या आळीनं रस्ता मागितला."

"अर्धाच दिला," सनी पायरीवरून म्हणाला.

केतनने माहितीपत्रक उलटून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, ते सात मतदारही हेच करायचे. मत देण्याआधी सम्राटाकडून अटी लिहून घ्यायचे. मी ते माहितीपत्रकात मागच्या पानावर टाकलंय."

"मागच्या पानावर?" बाई म्हणाल्या. "बाबा, खेळ तर तिथेच आहे."

केतनने कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने काय हवं ते मागायचं : जकात, किल्ला, शहर. सम्राट कोणीही होवो, गुण पदरात पडलेल्या अटींचे. सनी चप्पल काढून परत बसला.

ऑस्ट्रिया शिवानीकडे आला आणि पडवीत बाजार भरला.

"नदीवरची जकात मला, तर मत," सनी अडून बसला.

"अर्धी घे. तुला अर्ध्याची सवय हाय."

शेवटी ऑस्ट्रियाच निवडून आला. शिवानीने रिकामे हात दाखवले. "सम्राट केलंत, आणि ठेवलंत काय मला?"

नियम नव्याने लिहायचे म्हणून केतन पट आवरायला वाकला, तर सनीने त्यावर हात ठेवला. "थांब रे दादा. आता ऑस्ट्रिया माझा."

"बस तू, केतन," बाई चहा टाकायला उठत म्हणाल्या. "पट काही आत्ता मिळत नाही तुला."