पडद्याच्या मागच्या बाजूचा सिनेमा

कोंडाबाई माझी आत्या. तळेघरला भात-नाचणीची शेती करते. वय बासष्ट, डावखुरी. तिने आयुष्यात बरेच सिनेमे पाहिले असतील, पण सांगते एकाबद्दलच, दहा वर्षांची असताना जत्रेत पाहिलेल्या. त्याचं नाव तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच: एक तलवारबाज, दोरांचा पूल आणि ऐन लढाईत दोघांच्या पायांमधून चालत गेलेली कोंबडी.

एवढ्यावर सिनेमा शोधणं अवघड. पण मी पदार्थविज्ञानाची, मंचरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. चिकाटीची सवय आहे. दोन वर्षं जुन्या सिनेमांच्या याद्या चाळल्या आणि गेल्या महिन्यात इंटरनेटवरच्या एका खरखरीत प्रतीत ती कोंबडी सापडली. बनवणाऱ्यांची नावं धड वाचता येत नव्हती. त्यांना कोंबडी दिसलीच नसेल, की दिसली पण पुन्हा चित्रण करण्याएवढी फिल्म उरली नसेल? त्या अनोळखी माणसांबद्दल मला जिव्हाळा वाटू लागला होता.

मग एक गोष्ट खटकली. नायकाची तलवार उजव्या हातात होती.

आत्याच्या सांगण्यात तो डावखुरा असायचा, आणि सगळं त्यावरच होतं. तिची सवय मोडावी म्हणून आजी तिच्या डाव्या हाताला चिंधी बांधून ठेवायची. जत्रेहून आल्यावर आत्याने ती सोडून फेकली. एवढा मोठा वीर डाव्या हाताने लढतो, मग मी का नको? माझे आजोबा धर्माजी म्हणाले, तो उजव्याच हाताने लढत होता. भैरोबाची शपथ घेऊन म्हणाले. आत्याने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याला नमवायला बाप देवाची खोटी शपथ घेतो, हे तिच्या मनात बसलं ते कायमचं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, अजून त्यांचा विषय निघाला की तिचा चेहरा बदलतो.

उत्तर सोपं होतं, फक्त आधी कुणी विचार केला नव्हता. जत्रेतला पडदा पटांगणाच्या मधोमध बांधायचे. पातळ कापडातून प्रकाश आरपार जातो. मागूनही चित्र दिसतं, फक्त डावं-उजवं बदलून. मी मोबाईलवर दहा मिनिटांत सिनेमाची तशी उलटी प्रतही करून घेतली. ती दाखवली असती तर आत्या खूश झाली असती, आणि आजोबा कायमचे खोटे ठरले असते. तळेघरची एसटी पोचेपर्यंत माझं काही ठरत नव्हतं.

रविवारी ओट्यावर बसून विचारलं, "आत्या, तू बसली होतीस कुठे?"

"मागं. बाप्ये म्होरं, बाया-पोरी पडद्याच्या मागं. सुरवातीची अक्षरं काय वळखू येईनात. शेजारची धोंडाबाई म्हनली, मुंबईची अक्षरं अशीच असत्यात!"

मी खरी प्रत लावली.

"ह्यो न्हवं त्यो," ती लगेच म्हणाली. "ह्यो तर उजवा हाय." मग कोंबडी आली. "थांबव. कोंबडी तीच हाय. पन ती तिकडनं हिकडं आल्ती."

ती उठली आणि माझ्या समोर येऊन मोबाईलच्या पाठीकडे वाकून पाहू लागली.

"मागनं काय दिसंना गं."

"मोबाईल जाड आहे, आत्या. पडदा पातळ होता."

माझं हसू ओठांवरच राहिलं, कारण ती हसत नव्हती. तिने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"म्हंजे बा खोटं बोलला न्हाई."

"नाही. तूही नाही बोललीस."

"माझं सोड." ती खाली बसली. "त्याच साली कापनीच्या आदी त्यानं लोहाराकडनं डाव्या हाताचा इळा करून आनला. इळ्याचे दात एका अंगाला घासलेले असत्यात, उजवा इळा डाव्या हातात चालत न्हाई. लोहार हसला म्हनं, 'पोरीच्या नादी लागलास का रं धर्मा?' मला वाटायचं, खोट्या शपथंला भ्यालाय, म्हनून आनला. तसं त्याला तोंडावर म्हनलेबी."

"मग?"

"काय बोलला न्हाई." तिने पदर तोंडाशी नेला. "आपलंच खरं हाय, ह्ये त्याला ठावं व्हतं. तरी आनला."

मी म्हटलं, "तू पाहिलास तसाही आहे माझ्याकडे. लावू?"

"नगं. त्यो मी पाह्यलाय. बानं पाह्यला त्यो दाव, पयल्यापास्नं."