गॉल्टीमोरच्या धुक्यातली नारंगी बंडी

मी बंडी बोलतेय. नारंगी रंगाची, बिनबाह्यांची, पाठीवर दोन रुपेरी पट्टे असलेली. टिपरेरी परगण्यातल्या डोंगर चढणाऱ्यांच्या एका मंडळात दर रविवारी जो सगळ्यांच्या मागे चालतो, त्याच्या अंगावर मी असते. खरं तर मला बोलायची सवय नाही, ऐकायची आहे. पण ऑक्टोबरपासून पोटात एक गोष्ट घेऊन बसलेय. ती आता तिथे मावत नाही.

मला शिवलं होतं रस्ता खोदणाऱ्यांसाठी. नशिबात मात्र डोंगर होते. शेतीच्या सामानाच्या दुकानात काटेरी तार आणि मेंढ्यांचं औषध यांच्या मधे मी दोन हिवाळे लटकून काढले. मग एक दिवस मंडळाचा म्होरक्या फाक्ना आला. उंच, सडपातळ, गळ्यात शिट्टी, मनगटावर भलंमोठं घड्याळ. त्याने मला ओढून, ताणून पाहिलं आणि म्हणाला, "ही धुक्यात दिसेल." झाली माझी नेमणूक.

नियम एकच. बंडीच्या मागे कुणी राहायचं नाही. सगळ्यात पुढे फाक्ना, सगळ्यात मागे मी, आणि मधे बाकीचं मंडळ. मला कुणी मुद्दाम घालायचं असं काही ठरलेलं नव्हतं, पण जी बाई दर वेळी शेवटी असते तिच्याच गळ्यात मी पडले. ती म्हणजे अट्राक्टा. अडुसष्ट वर्षांची, गावच्या टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, बारा वर्षांपूर्वी नवरा गेलेली. पाय लहान, तोंड मोठं. तिच्या अंगावर असणं म्हणजे गावच्या विहिरीवर बसल्यासारखंच. कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाच्या मुलीने डब्लिनला घर घेतलंय, सगळं मला घरबसल्या कळायचं.

आणि अट्राक्टाच्या बाजूला डिनी. सहासष्ट वर्षांचा, लग्न न केलेला, चाळीस मेंढ्यांचा मालक. हा माणूस रोज मेंढ्यांमागे डोंगर चढतो, त्याला आमच्याबरोबर मागे राहायचं काय कारण? मी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. अट्राक्टाला तीन वर्षं कळलं नाही. काही बायका दुसऱ्यांच्या घरातलं सगळं ओळखतात आणि स्वतःच्या दारात कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाही.

काय दिवस होते ते! एप्रिलमध्ये काटेरी झुडपांवर पिवळा फुलोरा, आणि त्याला चक्क खोबऱ्याचा वास. जूनमध्ये चिलटं एवढी की बोलायला तोंड उघडलं की न्याहारी झालीच. जुलैच्या शेवटच्या रविवारी रानातली निळी बोरं वेचायची. त्या दिवशी मंडळ चार तासांत एक मैल चालतं आणि सगळे जांभळ्या जिभा घेऊन घरी जातात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गारठ्यात उरलेलं पुडिंग घेऊन वर जायचं, खडकाआड बसून खायचं आणि खाली येताना निम्म्यांनी बुडावर घसरायचं.

एक मात्र सांगते, पुढच्या लोकांची एक वाईट खोड आहे. ते वर पोचतात, भिंतीच्या आडोशाला बसतात, चहा पितात, केळं खातात, मोजे बदलतात. आम्ही धापा टाकत पोचलो रे पोचलो की फाक्ना उठतो, "आले सगळे? चला!"

"अरे मेल्या, मला श्वास तरी घेऊ दे," अट्राक्टा ओरडायची.

"चालता चालता घे की. तेवढाच वेळ वाचेल."

सप्टेंबरमध्ये हे प्रकरण हातघाईवर आलं. आमच्या मंडळात तीन चाली असतात. अवघड, मधली आणि सोपी. आम्ही मधले. सोपी चाल म्हणजे नदीकाठचा सपाट रस्ता आणि शेवटी चहाचं दुकान. फाक्ना घड्याळावर बोट ठेवून म्हणाला, "अट्राक्टा, रागावू नकोस, पण तुझ्यापायी दर वेळी काळोख होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गॉल्टीमोरचं शिखर. पाच तासांत वर जाऊन खाली आलीस तर राहा. नाहीतर नोव्हेंबरपासून तू सोप्या चालीत."

"सोप्या चालीत माझी नणंद आहे," अट्राक्टा म्हणाली. एवढंच बोलली, आणि अट्राक्टा एवढंच बोलली की समजावं, लागलंय.

नणंदेचं निमित्त होतं हो. सोप्या चालीत डिनी नव्हता, हे खरं कारण. माझ्या खाली तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मला ठाऊक.

तो रविवार उजाडला. अकरा माणसं. गवत सगळं तांबूस झालेलं, वारा बोचरा, आणि अर्ध्यावर गेलो तर धुकं उतरलं. असं धुकं की आपलाच हात उसना वाटावा. शिखरावर पांढरा क्रूस आहे, त्याला हात लावला तेव्हा तो आहे हे कळलं. तिथे आणखी एक मंडळ आधीच येऊन बसलं होतं, लिमरिककडचं, डोंगराच्या पलीकडच्या बाजूने चढलेलं. वीस-पंचवीस माणसं क्रूसाभोवती खेटून चहा पितायत, एकमेकांच्या डब्यात हात घालतायत.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्षातून एकदा स्वस्त दुकानात डोंगरी कपडे येतात आणि अख्खा मुलूख तिथे तुटून पडतो. त्या वर्षी आलं होतं निळं जाकीट. शिखरावरच्या निम्म्या लोकांच्या अंगावर तेच, डिनीच्याही. डोक्यावर टोपडं, नाकापर्यंत मफलर. कोण बाप्या कोण बाई, देव जाणे. आणि त्या दुसऱ्या मंडळाच्या शेवटच्या माणसाच्या अंगावर काय असावं? माझीच सख्खी बहीण. नारंगी, दोन पट्ट्यांची!

फाक्नाने शिट्टी फुंकली. आम्ही उतरू लागलो. पहिल्या फाटकाशी त्याने डोकी मोजली. अकरा. बरोबर.

निळ्या जाकिटातला अट्राक्टाच्या बाजूला होता. आणि त्या धुक्यात, समोरचं काही दिसत नाही म्हणून असेल, अट्राक्टाला धीर आला.

"डिनी," ती म्हणाली, "तुला एक विचारू? हसायचं नाही."

"हं," निळं जाकीट म्हणालं.

"मला सोप्या चालीत टाकलं तर तू येशील का रे? नाही आलास तर मी घरी बसेन. डोंगराचं काय, डोंगर कुठे जात नाही. मला रविवारची वाट कशासाठी बघावीशी वाटते, ते तुला कळत नाही का? ती तुझी अंड्याची सँडविचं मला मुळीच आवडत नाहीत. तीन वर्षं खातेय. कशासाठी खातेय?"

"हं."

"नुसतं हं काय? आयुष्यभर मेंढ्यांशी बोललास म्हणून माझ्याशीही तसंच?"

पाऊण तास! पाऊण तास ती बोलत होती आणि बोलण्याच्या भरात तिचे पाय असे चालले की पुढचे लोक मागे वळून बघू लागले. मी पाठीवरची, माझी नजर मागे. बाजूला कोण आहे ते मला दिसेना. पण मेंढ्यांचा वास येत नव्हता, तेव्हाच मला शंका आली होती. सांगणार कशी?

गाड्यांपाशी पोचलो. फाक्नाने घड्याळ पाहिलं. "चार तास पन्नास मिनिटं! अट्राक्टा, जिंकलीस!"

निळ्या जाकिटाने टोपडं मागे सारलं. आतून निघाला टक्कल पडलेला, चष्मेवाला, अगदी सभ्य चेहऱ्याचा परका माणूस.

"माफ करा," तो म्हणाला, "मी ऍम्ब्रोज. लिमरिकला दातांचा डॉक्टर आहे. नारंगी बंडीच्या पुढे राहायचं एवढंच आमच्याकडे शिकवलंय. मला वाटलं, तुम्ही आमच्यातल्याच नवीन बाई."

"अहो, मग मी डिनी डिनी म्हणत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. दुसऱ्यांदा सांगणं बरं दिसेना. मग तुम्ही सँडविचांवर आलात."

अट्राक्टा मटकन दगडावर बसली. चेहरा माझ्यापेक्षा नारंगी. मग एकदम उठली. "डिनी कुठाय? फाक्ना, माझा माणूस कुठाय? बंडी माझ्या अंगावर आणि मी त्याला डोंगरात टाकून आले!"

"मी मोजले होते," फाक्ना पुटपुटला. "अकरा होते."

"टोपडी मोजलीस, गाढवा! तुझ्या चार तास पन्नास मिनिटांना लाव काडी. मला सोप्या चालीत घाल, घरी बसव, पण आधी त्याला शोध!"

ऍम्ब्रोजने आपल्या मंडळाला फोन लावला. पलीकडे आधी हशा ऐकू आला, नुसता हशा. डिनी त्यांच्याबरोबर डोंगराच्या पलीकडे उतरला होता, माझ्या बहिणीच्या पुढे पुढे, सुखरूप. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केलेला. ऍम्ब्रोज घसा खाकरून म्हणाला, "डिनीसाहेब, इथल्या बाईंनी तुम्हाला एक प्रश्न विचारलाय. चुकून मला विचारला."

"ऍम्ब्रोज!" अट्राक्टा किंचाळली.

 मग डिनीचा आवाज, "कसला प्रश्न?"

"मोठा आहे. साधारण पाऊण तासाचा."

"मग त्यांना सांगा, मी येतोय," डिनी म्हणाला. "मी एक शब्द ऐकलेला नाही. पहिल्यापासून सांगावं लागेल."

तासाभराने लिमरिकवाल्यांची छोटी बस डोंगराला वळसा घालून आली. डिनी उतरला आणि त्याच्यामागून अख्खी बस उतरली. एकालाही आत बसवेना. दोन्ही मंडळं मिळून तीस-पस्तीस माणसं, हातात थर्मास, अर्धगोल करून उभी, जसा काही तमाशा लागलाय.

"सांग," डिनी म्हणाला.

"यांच्यासमोर? मेले तरी नाही."

डिनीने सभोवार पाहिलं, कान लाल झाले, मग डोंगराच्या वाटेकडे मान हलवली. "चालता चालता सांगतेस?"

पाच तास चालून आलेली ती बाई, आणि म्हणते काय, "चल."

आणि मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने मला अंगातून काढलं, फाक्नाच्या डोक्यावरून घातलं आणि म्हणाली, "घे. आमच्या मागे कुणी यायचं नाही." निघाली! मी हाकाच मारणार होते, फक्त मला तोंड नाही. ती दोघं तांबूस गवतातून वर गेली. तिचे हात हलत होते. तो मधेच थांबला, काहीतरी बोलला. ती एवढी हसली की खालपर्यंत ऐकू आलं. पण काय बोलला? शब्द नाही आला हो कानावर!

आता मी फाक्नाच्या अंगावर असते. त्याने स्वतःच मला मागून घेतलं, म्हणतो, मागे राहिल्याशिवाय माणसं मोजता येत नाहीत. बिचारा बोलत नाही फारसा. माझी चिकटपट्टी गेली, पट्टे फिकटले. ती दोघं आता बुधवारी वेगळीच जातात, बंडीबिंडी न घेता. लग्नाचं विचाराल तर मला ठाऊक नाही. आणि मला ठाऊक नाही म्हणजे या गावात कुणालाच ठाऊक नाही.

एवढी मोठी झाले, काही मागितलं नाही कुणाकडे. आज मागते. कधी बुधवारी गॉल्टीमोरच्या बाजूला गेलात आणि तांबड्या गालांची एक बडबडी बाई आणि एक मेंढपाळ दिसला, तर जरा जवळून जा. बुटाची नाडी बांधायला वाका. कान उघडे ठेवा. आणि त्या दिवशी तो काय म्हणाला ते कळलं, तर देवाशप्पथ, आधी मला येऊन सांगा.