सत्यभामेच्या पायाखालची फरशी

आमच्या घरात मणी पिकतात. पुंडलिकनगरच्या ज्या गल्लीत बाकीच्या बायका गच्चीवर पापड वाळत घालतात, तिथं माझी बायको सत्यभामा निळी ज्योत लावून काच वितळवते. ज्योतीत धरलेली काचेची कांडी आधी लाल होते, मग मधासारखी ओघळू लागते, आणि ती सळईवर गुंडाळता गुंडाळता सत्यभामा कुठंतरी निघून जाते. अशा वेळी हाक मारली तर तिची ओ वैजापूरच्या माहेरच्या विहिरीतून आल्यासारखी येते. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. वाळूजच्या कंपनीत मी जन्मभर माल तपासायचं काम केलं. तिच्या मते, तिथं दोष काढायचा पगार मिळत होता, आता घरी मी ते फुकट करतो.

हे काम तिला छावणीत मणी करणाऱ्या शाइस्तानं शिकवलं. शाइस्ताची तिच्याबद्दल एकच तक्रार आहे, की ही बाई ज्योतीपुढं अनवाणी बसते. आमच्यात चुलीपाशी कोणी चप्पल घालून जात नाही. विस्तव म्हणजे देव. सत्यभामेनं गॅसच्या ज्योतीलाही तोच मान दिला आणि दसऱ्याला टेबलासकट हळदकुंकू वाहिलं. काच तापताना कधी तडकते, निखाऱ्यासारखा कण उडून पायाशी पडतो. शाइस्तानं सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा थंडी सुरू झाली आणि एका दुपारी तिच्या तळपायावर मला भाजल्याचा फोड दिसला. कधी भाजलं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, भाजलं असेल कधीतरी. तिला साखरेचा आजार आहे आणि पायाला जखम होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं आहे. मला धडकी भरली. ती काम करायची त्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या चादरीवर तर आधीच डागांची नक्षी उमटली होती. मागच्या खोलीत नीट जमीन करून द्यायची आणि तिचं टेबल तिकडं हलवायचं, असं मी ठरवलं. तिची अट एवढीच होती, की बाकी काहीही टाका, पण जमीन उबदार पाहिजे.

मी दुकानांतून नमुने गोळा केले आणि अंगणात मांडले. शाइस्ताही आली होती. तिनं टेबल बाहेर घेऊन काच तापवली आणि प्रत्येक नमुन्यावर एक एक थेंब सोडला. प्लास्टिकची फरशी घाण वास सोडून वितळली. लाकडाचं सोंग घेतलेल्या पट्टीवर काळं भोक पडलं. गालिच्यावर थेंब मऊपणे उतरला, दिसेनासा झाला, आणि जरा वेळानं आतून धूर येऊ लागला. सगळ्यात वाईट गोष्ट तीच होती. पडल्याचा आवाज नाही, नजरेला काही नाही, आणि आत विस्तव. शहाबादी फरशीवर मात्र थेंब टणकन वाजला आणि घरंगळत जाऊन सगळ्यांच्या देखत काळा पडला. सत्यभामा मान वाकडी करून तो आवाज ऐकत राहिली. लहानपणी झोपेत बैलांच्या घुंगरांचा आवाज असाच यायचा, असं ती कोणाला उद्देशून नाही, अशीच म्हणाली.

शहाबादी गार पडते, ही माझी अडचण होती. म्हणून दुसऱ्या सकाळी दोन फरश्या घेतल्या. एक रात्रीपासून पाण्याच्या टाकीमागं सावलीत राहिलेली, दुसरी कोवळ्या उन्हात चांगली तापलेली. खिडकीतून ऊन येतं तिथं बसवली तर थंडीत किती ऊब धरते, हे मला तिच्याच पायांनी तपासायचं होतं. मी दोन्ही तिच्यापुढं ठेवल्या आणि उभं राहून कोणती जास्त उबदार ते सांगायला लावलं.

ती आधी एकीवर उभी राहिली, मग दुसरीवर. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं सुख आलं, की मलाही गोधडीत शिरल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "ही बघा. ही लई उबदार हाय."

ती सावलीतल्या फरशीवर उभी होती.

मला वाटलं, थट्टा करतेय. मी वाकून फरशीला हात लावला, बर्फ होता नुसता. वर पाहिलं तर तिनं डोळे उघडले होते आणि माझा हात कुठं आहे ते पाहत होती. तिला कळलं, आणि मलाही कळलं. मला आधी राग आला. इतके दिवस माझ्यापासून लपवलं याचा राग, आणि जन्मभर दुसऱ्याच्या मालातली चीर शोधणाऱ्या मला घरातलं दिसलं नाही याचाही. मग राग गेला आणि नुसतं रडू आलं. ती पायरीवर बसली.

"गेल्या दिवाळीपासून पायाखाली कापूस ठेवल्यावानी वाटतं," ती म्हणाली. "ऋतुराजला कळलं तर तो पुण्याहून येऊन ज्योत बंद करील. मग मी काय करू, ते सांगा."

ऋतुराज आमचा मुलगा. तो खरंच बंद करायला लावील, कारण त्याचा जीव आहे आईवर. माझाही आहे. मी म्हणालो, ज्योत राहील, पण डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही आणि पाय उघडे ठेवायचे नाहीत.

डॉक्टरांकडे गेलो. औषधं बदलली, रोज तळपाय तपासायचं काम माझ्याकडं आलं. मागच्या खोलीत शहाबादी बसली, पडलेली काच वाजावी म्हणून. छावणीतून मी चामड्याचे बंद बूट आणले. चार दिवस ते दारातच राहिले. यांनी रस्ता पाहिलेला नाही आणि कधी पाहणार नाहीत, असं मी परोपरीनं समजावलं. पाचव्या दिवशी तिनं बुटांच्या टोकांना कुंकवाची बोटं लावली, विस्तवाला हात जोडले, आणि पाय आत घातले. शाइस्तानं छावणीत पेढे वाटले म्हणतात.

आता रोज सकाळी खोली झाडून झाली, की मी अनवाणी आत जातो. ती बूट घालून दारात थांबते आणि विचारते, आज कशी आहे. मी सांगतो, की खिडकीपाशी कोमट आहे, भिंतीकडं गार, मधे न्हाणीघरातल्या दगडासारखी ओलसर. ती डोळे मिटून ऐकते आणि मगच आत येते. तशी मी कंपनीत कुठल्या मालाची तपासणी केली नव्हती.

परवा आभाळ भरून आलं होतं. खिडकीत ऊन नव्हतं आणि फरशीनं पोटरीपर्यंत कळ आणली. दारात ती उभी होती, डोळे मिटून वाट पाहत. मला तिला गार सांगवेना.

"कोमट आहे," मी म्हणालो. "सगळीकडं."

तिनं डोळे उघडले आणि माझ्या पायांकडं पाहिलं. बोटं आखडून गेली होती.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मला गार बी पाहिजे."

मी पाय सरळ केले, पूर्ण टेकवले, आणि किती गार आहे ते तिला सांगू लागलो.