तीनशे वेळा टाकलेला फासा

मी फासा बोलतोय. सापशिडीच्या डब्यातला, पांढरा, प्लास्टिकचा. साच्यातून निघालो तेव्हा माझे आठही कोपरे शाबूत होते आणि सगळे आकडे मला सारखेच होते.

मग एका घरात आलो. तिथल्या धाकट्याने हरल्याच्या रागात मला दाढेखाली धरलं आणि सहाच्या बाजूचा एक कोपरा उडाला. तेव्हापासून माझ्याकडून सहा जरा जास्तच पडू लागले. त्याच्या ताईच्या ते लगेच लक्षात आलं. "हाच फासा घ्यायचा, नाहीतर मी खेळत नाही," म्हणून ती अडून बसायची. खोटं कशाला बोलू, मीही लाडावलो.

ताई मोठी झाली, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला लागली. मी तिच्या पर्सच्या छोट्या कप्प्यात. लॅबमधल्या संगणकांचे पासवर्ड करण्याचं काम तिच्याकडे आलं. तिने काय करावं? 'फुकटात पासवर्ड बनवा' म्हणणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटवर बटण दाबून सगळे घेऊन टाकले. त्या साइटने प्रत्येकाची प्रत स्वतःकडे ठेवली होती. एका सकाळी कुणी परकंच संगणकात शिरलं आणि सगळे रिपोर्ट गायब. ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बसलेल्या एका आजींना रिपोर्टअभावी घरी पाठवावं लागलं. लॅब चालवणाऱ्या डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा असं झालं, तर तू दुसरीकडे काम बघ."

या वेळी ताईने घाई केली नाही. लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणतात. त्यांच्यासोबत बसून तिने एक प्रोग्राम निवडला. तो पासवर्ड आपल्याच संगणकावर बनवतो, बाहेर कुठे पाठवत नाही, आणि जाणकारांनी तो आतून उघडून तपासलेला आहे. ते सगळे तो कुलपात जपून ठेवतो; ते कुलूप उघडणारा एक मुख्य पासवर्ड मात्र आपण द्यायचा. हा मुख्य पासवर्ड सहा शब्दांचा करायचा, आणि फाशावर येतील त्या आकड्यांप्रमाणे लांबलचक यादीतून एकेक शब्द काढायचा, असं ठरलं. ताईने मला बाहेर काढलं.

"थांब," काका म्हणाले. "नवं यंत्र आलं की आपण आधी त्याची चाचणी घेतो ना? मग याची का नको?"

ताई टाकत गेली, काका कागदावर रेघा ओढत गेले. तीनशे वेळा. प्रत्येक आकडा पन्नासच्या आसपास यायला हवा होता. सहा आले एकोणऐंशी.

"अगं, हा एकाच बाजूला झुकतोय."

"असू दे ना काका. माझा लहानपणापासूनचा लकी फासा आहे."

"लकी आहे म्हणूनच नको. सहा जास्त पडतात हे कळलं, की शब्द ओळखणं सोपं; उद्या चोरालाही तो लकीच ठरेल."

ताईने मला ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दुसरा फासा आणून त्याचीही तशीच चाचणी घेतली. त्याने दिलेला पहिलाच शब्द ऐकून तिने नाक मुरडलं. "शी! पुन्हा टाकते."

"मनासारखं येईपर्यंत टाकलंस, तर ती निवड तुझी झाली, आणि माणसाची निवड ओळखता येते," काका म्हणाले. तिने तोच शब्द ठेवला, पुढचे पाचही जसे आले तसेच घेतले.

मला वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? पण पुढच्या आठवड्यात त्याच आजी आल्या, त्यांचा रिपोर्ट वेळेवर निघाला, आणि ड्रॉवर उघडा असल्याने मी ते ऐकलं. तेव्हा तुम्हीही कुलपाचं काम कुणाला देणार असाल, तर आधी त्याला पारखून घ्या, तो कितीही लाडका असला तरी. आजवर सगळ्यांनी माझ्याकडे दान मागितलं. चाचणीच्या त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, तू कसा आहेस? आणि मी खरं ते सांगितलं.