सालईबर्डी, उत्तर द्या

प्रेमिला रामटेके यांनी मायक्रोफोनची कळ दाबली आणि नेहमीच्या संथ, सपाट स्वरात पुढच्या ठाण्याचे नाव घेतले.

"सालईबर्डी, उत्तर द्या."

कळ सोडली. ध्वनिक्षेपकातून नुसती खरखर येत राहिली. भिंतीवरच्या नकाशासमोर उभे असलेले अनंतराव डबीर एक टाचणी टोचत होते. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. प्रेमिलाताईंनाही आपण काय उच्चारले ते तेव्हाच उमगले असावे, कारण त्यांनी हलकेच आपली बोटे ओठांवर ठेवली.

खुर्चीत रेललेला ताराचंद हसला. खाणीच्या अग्निशमन पथकाचा तो प्रमुख. आपली माणसे डोंगरावर पाठवून तो सकाळपासून या नागपूरच्या नियंत्रण कक्षात बसला होता.

"ओ ताई, मसणात फोन लावला का?"

कोणी हसले नाही.

पहाटे कुंभारझरीच्या डोंगराला वणवा लागला होता. जंगलाचे पथक, खाणीचे पथक आणि शहराचे पथक, अशी तिन्ही पथके आज प्रथमच एका बिनतारी लहरीवर, एका नियमाखाली, एकाच कक्षाच्या आज्ञेत काम करीत होती. हे जुळवून आणण्यासाठी समन्वयक म्हणून अनंतरावांनी वर्षभर तिघांचे उंबरे झिजवले होते. कोणाची शिट्टी कशी, कोणाचे प्रशिक्षण पुरेसे, कोणाच्या बुटांचा तळ निखाऱ्यावर टिकतो, इथपासून वाद. सर्वांत मोठा वाद एका कलमावर झाला होता, आणि ते कलम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. हाक मारलेले ठाणे दोनदा गप्प राहिले, तर त्याविषयी कोणीही तर्क करू नये. जवळच्या टोळीने हातचे काम सोडून तिथे जावे.

त्या कलमामागे सालईबर्डीच होती. गेल्या वैशाखात तिथल्या मनोऱ्यावर संघपाल मेश्राम नावाचा पहारेकरी बसला होता. आग कुठे वळते हे वरून पाहून सांगणे हे त्याचे काम, आणि आज्ञा आल्यावाचून मनोरा सोडायचा नाही ही त्याची रीत. वारा फिरला तेव्हा अलीकडच्या पथकाला वाटले की पलीकडच्यांनी त्याला उतरवले. पलीकडच्यांना वाटले की अलीकडच्यांनी. दोघांच्या लहरी वेगळ्या. प्रेमिलाताईंनी पुनःपुन्हा विचारले आणि त्यांना पुनःपुन्हा एकच उत्तर मिळाले: 'उतरला असेल.' असे म्हणणाऱ्यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाची तशी खात्री होती. मनोरा लोखंडाचा, तो उभाच राहिला; संघपाल राहिला नाही. त्यावर पुन्हा कोणाला बसवले नाही, आणि नामावळीतून त्या ठाण्याचे नाव काढून टाकले गेले.

पण प्रेमिलाताई नामावळी पाहून हाका मारीत नसत. वीस-एक वर्षांच्या सरावाने ती नावे त्यांच्या जिभेवर एखाद्या स्तोत्रासारखी बसली होती. गेले वर्षभर त्या जागी आल्या की त्या एका श्वासापुरत्या थांबत आणि पुढे जात. ते थांबणे कक्षातील सर्वांच्या अंगवळणी पडले होते. आज त्या श्वासाच्या जागी नाव आले.

"तोंडातून गेलं, सर," त्या म्हणाल्या.

त्यांनी अनंतरावांकडे क्षणभर पाहिले, आणि मग, चूक सावरण्यासाठी की नियम पाळण्यासाठी हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळू न देता, पुन्हा कळ दाबली.

"सालईबर्डी, सालईबर्डी. कंट्रोल बोलते आहे. उत्तर द्या."

खरखर. मग दुसरीकडून एक तरुण, धापा टाकणारा आवाज.

"कंट्रोल, मी दामिनी कुमरे. सालईबर्डी दोनदा गप्प राहिली. माहीच टोळी जवळ आहे. निघू का?"

दामिनी या मोसमातच गडचिरोलीहून बदलून आली होती. जंगलाच्या पथकातील एक टोळी तिच्या हाताखाली होती, आणि सालईबर्डी हे याच डोंगरावरच्या एका टेकाडाचे नाव एवढेच तिला ठाऊक होते.

"सांगून टाका ना तिले," ताराचंद उठून बसला. "कोणी नाही तिथं म्हणा. खतम बात."

अनंतरावांनी तोंड उघडले. वाक्य तयार होते, आणि ते सत्य होते. तिथे कोणी नाही. तरी ते जिभेवरून उतरेना. तरुणपणी पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे तर्कविद्या, शिकताना गुरुजींनी अनुमानाची सारी अंगे त्यांच्याकडून घोटून घेतली होती, आणि अखेरीस म्हटले होते की हे सर्व प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहणे, जिथे पोहोचत नाही तिथल्यासाठी. इथे प्रत्यक्ष एका चढाच्या अंतरावर होते. गेल्या वैशाखातही तेवढ्याच अंतरावर होते.

"साहेब, दामिनीची टोळी हलली तर आग अडवायची मधली रेषा उघडी पडते," ताराचंद आता नकाशापाशी आला. "खाली गावानं लावलेला बांबू आहे. वारा कसा आहे, दिसून राहिला ना तुम्हाले?"

"दिसतो आहे."

"मग मेलेल्या माणसासाठी जित्याच्या पोटावर काहून पाय देता?"

प्रेमिलाताईंची मान खाली गेली. "सर, माह्या चुकीपायी नका करू. मी सांगते तिले."

"काय सांगाल?"

त्यांचा कळेकडे गेलेला हात मागे आला.

"आज मी 'ठाऊक आहे' म्हणालो, ताराचंदजी, तर उद्या प्रत्येकाला ठाऊक असेल." अनंतरावांनी हातातली टाचणी टेबलावर ठेवली. "तुमची माणसे मागे दुसऱ्या रेषेवर घ्या. बांबू वाचवायला कोणीही पुढे राहू नये."

"अन् गावाले जवाब?"

"मी देईन."

"ते काठ्या घेऊन येतील, साहेब. तुमचं कलम वाचत नाही बसणार."

"येऊ द्या." मग ते प्रेमिलाताईंकडे वळले. "दामिनीला जायला सांगा. डोंगराच्या जळून गेलेल्या बाजूने चढावे, वाळल्या गवतातून नव्हे. धूर खाली वळला तर त्याच वाटेने परत फिरावे."

प्रेमिलाताईंनी निरोप दिला. त्यांचा आवाज सपाटच होता. फक्त कळ दाबणारे बोट निरोप संपल्यावरही उचलायचे राहिले, आणि तेवढा वेळ या कक्षातील पंख्याची घरघर सगळ्या डोंगरावर ऐकू गेली.

नंतरचा वेळ जड होता. ताराचंद आपल्या माणसांना मागे घेत होता. खिडकीबाहेर नागपूरचे ऊन पांढरे पडले होते. काही वेळाने त्याच्या माणसांपैकी कोणीतरी बोलू लागले आणि त्या बोलण्याच्या मागून बांबूची पेरे फुटल्याचे आवाज आले. आधी एखाददुसरा, मग दाट. माणूस बोलायचा थांबला, पण कळ त्याने सोडली नाही. गावाचे बांबूचे बेट जळत असल्याचे कक्षात सगळ्यांनी उभ्या-उभ्या ऐकले.

"ऐका," ताराचंद म्हणाला. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

अनंतराव ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुन्हा डोळ्यांवर न चढवता हातातच धरला.

"कंट्रोल, दामिनी. मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचलो. सगळे ठीक आहोत."

"कोणी आहे?" प्रेमिलाताईंनी विचारले. नियमाप्रमाणे विचारायला हवे होते.

"खाली कोणी नाही." थोडा वेळ खरखर. दामिनीचा आवाज उतरला होता. "ताई, इथं गावानं एक दगड मांडला आहे. शेंदूर नाही, निळा रंग आहे. नाव आहे त्याच्यावर. वाचू का?"

"नको."

कलमाचे काम तिथे संपले होते. जावे, पाहावे, कळवावे, एवढेच त्यात लिहिले होते. परत फिरण्याची आज्ञा देण्यासाठी अनंतराव पुढे सरकले, तेवढ्यात दामिनीच म्हणाली,

"धूर अजून लांब आहे. वर चढून पाहते मी. पाहिल्याबिगर वर कोणी नाही म्हणून कसं सांगू?"

अनंतराव जागच्या जागी थांबले.

मग बराच वेळ काही आले नाही. शहराच्या पथकाने काहीतरी विचारले, ताराचंदने मागे न वळता प्रेमिलाताईंना हाताने थोपवले आणि आपल्या यंत्रावरून हळू आवाजात उत्तर दिले. प्रेमिलाताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. ते सोडवून त्यांनी कळ दाबली. या वेळी त्यांनी 'उत्तर द्या' म्हटले नाही.

"सालईबर्डी."

उत्तर लगेच आले. उंचावरचा वारा त्यात होता.

"सालईबर्डी. ऐकून राहिली, बोला."

ताराचंद खिडकीपासून वळला. प्रेमिलाताईंचे डोळे ध्वनिक्षेपकाच्या जाळीवर खिळले होते. काय बोलायचे असते ते त्यांना आठवत नसावे.

"लय उशीर केला, भाऊ," त्या म्हणाल्या.

खरखर झाली. दामिनीने चूक दुरुस्त केली नाही.

"हो, ताई," ती म्हणाली. "धूर वळून राहिला इकडं. उतरू का आता?"

ती आज्ञा देण्याचा अधिकार अनंतरावांचा होता. प्रेमिलाताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही, आणि अनंतरावांनीही मान हलवली नाही. ते नकाशाकडे तोंड फिरवून उभे राहिले.

"उतर," प्रेमिलाताई म्हणाल्या. "हळू उतर. मी आहे इथं."

दामिनीचे पाय जमिनीला लागल्याचे कळेपर्यंत त्यांनी पुढचे नाव घेतले नाही.