बाबांच्या ट्रकचं खरं वजन

बाबांनी स्वतः बांधलेल्या पिकअप ट्रकमध्ये एकच खोट होती, आणि ती नेमकी सुरुवातीलाच दिसायची. शर्यतीचा दिवा हिरवा झाला की शेजारच्या पट्ट्यातला प्रतिस्पर्धी, टायरच्या दुकानाचा मालक टायरवाला, त्याच्या ट्रकमधून भुर्रकन सुटायचा आणि बाबांचा ट्रक झोपेतून उठवलेल्या जावयासारखा आळोखेपिळोखे देत निघायचा. पुढे तो असा पळायचा की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत, पण तोवर टायरवाला शेवटच्या रेघेपलीकडे पोचलेला असायचा. मोसमभर हेच चाललं होतं. ट्रक चालवायची बाबांची धाकटी लेक, त्यामुळे हरण्याचं खापरही तिच्याच डोक्यावर फुटायचं.

"रविवारी शेवटची शर्यत," बाबा जेवताना म्हणाले. "याही वेळी हरलीस तर पुढच्या मोसमात स्टिअरिंग पैलवानाकडे."

पैलवान म्हणजे तिचा चुलतभाऊ. दंड मोठे, आवाज त्याहून मोठा. तो समोरच बसला होता आणि आनंद लपवण्याची त्याची धडपड काही केल्या जमत नव्हती. धाकटीला पुढचा घास गोड लागेना. त्या सीटवर बसून पट्टा आवळला की तिला जगात दुसरं काही नको असायचं.

खोट कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलाने भरलेला गोल डबा. इंजिन तेल घुसळतं आणि ते तेल गिअरबॉक्सला ढकलतं. त्यांचा जुना डबा इंजिनाच्या मिनिटाला अठराशे फेऱ्यांवरच ट्रकला ढकलू लागायचा, आणि बाबांनी हौसेने बसवलेल्या कॅमशाफ्टमुळे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यामुळे, इंजिनाला खरा जोर यायचा तो तीन हजारांच्या वर. म्हणजे डोळे चोळत असलेल्या माणसाच्या पाठीवर पोतं ठेवायचं आणि वर पळ म्हणायचं. इंजिनाला आधी मोकळं फिरू देईल आणि मग पकडेल असा डबा हवा होता. हाय स्टॉलचा, म्हणजे जास्त फेऱ्यांवर पकडणारा.

पण हा शब्दच बाबांना चालत नसे. "स्टॉल म्हणजे गाडी बंद पडणं," ते म्हणत, "आणि हाय स्टॉल म्हणजे चारचौघांत बंद पडणं."

या वेळी मात्र धाकटी हटून बसली. मला काढायचंच असेल तर आधी एकदा माझं ऐका, म्हणाली. बाबांनी कुरकुरत मान हलवली.

"मग साडेचार हजारांचाच घे," पैलवान म्हणाला. "घ्यायचंच तर दणदणीत घ्यावं."

तिने आत्याला फोन लावला. आत्या बाबांची थोरली बहीण. जुने कन्व्हर्टर कापायचे, आतली पाती हवी तशी वाकवायची आणि पुन्हा वेल्डिंग करून द्यायचे, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने कॅमशाफ्ट विचारला, टायर विचारले, मग म्हणाली, "वजन?"

"सोळाशे किलो," बाबा मागून ओरडले.

"त्याचं नको सांगूस," आत्या म्हणाली. "शिंप्यालाही तो असंच माप सांगतो, म्हणून जन्मात त्याची एक पँट धड बसली नाही. ट्रक काट्यावर घाल. तू आत बसून घाल, कारण पळवणार तूच आहेस."

वजनकाट्यावर बाबा खाली उतरून हाताची घडी घालून उभे राहिले. काट्यावरच्या माणसाने काचेआडून आकडा वाचला. एकवीसशे सत्तर.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

धाकटीने समोरचा पोलादी बंपर पाहिला, मागच्या हौद्याखाली जोडलेल्या जाड पट्ट्या पाहिल्या. प्रत्येक तुकडा लावताना बाबा म्हणाले होते, हे काय, पिसासारखं आहे. आता त्या पिसांचा एक हत्ती झाला होता.

"बघ," आकडा कळल्यावर आत्या फोनवर म्हणाली. "सोळाशेवर विसंबून मी तुला अडतीसशेचा दिला असता. एवढ्या जड ट्रकखाली तो आणखी वरच्या फेऱ्यांवर चढून नुसता घसरत बसला असता, तेलाचा काढा झाला असता. बत्तीसशेचा घे. आणि तेल थंड करायची जाळी लाव, नाहीतर माझं नाव सांगू नकोस."

पैलवानाने नाक मुरडलं. बाबांनाही अडतीसशे ऐकायला बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही. मोठा आकडा कुणाला नको असतो? पण सीट तिची जाणार होती, आकड्याची नाही. तिने बत्तीसशेचाच बसवला.

रविवारी तिने डावा पाय ब्रेकवर दाबला, उजव्याने इंजिन चढवलं. ट्रक थरथरला, पण जागचा हलला नाही. दिवा हिरवा झाला आणि तिने ब्रेक सोडला. फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याने बत्तीसशेवर उडी मारली आणि एकवीसशे सत्तर किलो एकदम अंगात आल्यासारखे उसळले. तिची पाठ सीटला चिकटली. टायरवाला कुठे आहे म्हणून तिने सवयीने समोर पाहिलं, तर समोर कुणीच नव्हतं. तो आरशात होता. मोसमभर फक्त त्याची पाठ पाहिलेल्या धाकटीला आज पहिल्यांदा त्याच्या ट्रकचं तोंड दिसलं, आणि रेघ ओलांडेपर्यंत ते लहान लहान होत गेलं. ती हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्याने हसत होती. इतका आनंद तिला आजवर झाला नव्हता.

परत आली तेव्हा सगळ्यात आधी पैलवान धावला आणि त्याने तिला उचलूनच घेतलं. दंड शेवटी कामाला आले. मागोमाग टायरवाला आला, घाम पुसत.

"काका, आज पाणी पाजलंत," तो बाबांना म्हणाला. "वजन किती म्हणालात याचं? सोळाशेच ना?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पोट आत घेतलं, मग विचार बदलून सोडून दिलं.

"एकवीसशे सत्तर," ते पलीकडच्या तंबूतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हिच्यासकट. हिच्याशिवाय हा ट्रक आता मोजायचाच नाही."